नेटवर्किंगची सुरुवात एका पाकिटापासून करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तीन महिने नेटवर्किंग शिकताय, ओएसआय मॉडेलचे (नेटवर्कचं काम पायऱ्यापायऱ्यांनी मांडणारा आराखडा) सात थर क्रमाने म्हणून दाखवता येतात, आयपी, मॅक, सबनेट, गेटवे, डीएनएस, डीएचसीपी या सगळ्यांच्या व्याख्या तोंडपाठ आहेत. पण कुणी ‘इंटरनेट चालत नाही’ म्हणत संगणक पुढे केला की हात कुठे घालायचा ते सुचत नाही. आता पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी का?

करा, पण वेगळ्या टोकाकडून. तुम्हाला शब्द शिकवले गेले. ते कोणत्या क्रमाने कामाला लागतात हे कुणी दाखवलं नाही. बहुतेक अभ्यासक्रम थरांप्रमाणे चालतात, आधी केबल, मग स्विच, मग आयपी, आणि प्रत्येक प्रकरण संपलं की आधीचं मिटतं. मी वीस वर्षांहून जास्त काळ नेटवर्कं उभी करतोय आणि बिघडली की दुरुस्त करतोय. बिघाड शोधताना थर क्रमाने आठवत बसलोय असं मला फारसं आठवत नाही. मी एका पाकिटाच्या मागे जातो.

पाकीट म्हणजे पॅकेटच. पण मराठी शब्द मला इथे मुद्दाम हवाय, कारण पाकिटावर पत्ता असतो आणि पाकिटात दुसरं पाकीट घालता येतं. या दोन गोष्टी पुढे फार उपयोगी पडणार आहेत. पाकीट तुमच्या संगणकातून निघाल्यापासून समोरच्या सर्व्हरला पोचेपर्यंत प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न विचारायचा: आत्ता हे ज्याच्या हातात आहे त्याला पुढचा हात कोणाचा हे कसं कळलं?

तुकडे करण्याची ही कल्पना आली कुठून तेही सांगतो. जुन्या टेलिफोनमध्ये दोघांचं बोलणं सुरू असेपर्यंत त्यांच्यामधली वाट त्यांच्यासाठीच अडवून ठेवलेली असे, दोघं गप्प बसले तरी. १९६० च्या दशकात अमेरिकेत पॉल बॅरन आणि ब्रिटनमध्ये डोनाल्ड डेव्हिस यांनी, एकमेकांच्या कामाची माहिती नसताना, दुसरी वाट सुचवली: निरोपाचे तुकडे करा, प्रत्येकावर पत्ता घाला आणि एकाच तारेवरून सगळ्यांचे तुकडे मिसळून जाऊ द्या. ‘पॅकेट’ हा शब्द डेव्हिस यांचा. या कल्पनेवर उभ्या राहिलेल्या आर्पानेटवर, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजावर, २९ ऑक्टोबर १९६९ ला पहिला निरोप पाठवला गेला. ‘लॉगिन’ हा शब्द पाठवायचा होता. दोन अक्षरं पोचली आणि पलीकडची यंत्रणा कोसळली. म्हणजे नेटवर्क पहिल्याच निरोपाला बंद पडलं होतं. तुमच्या हातून बंद पडलं तर फार मनाला लावून घेऊ नका.

आज इथरनेटच्या एका पाकिटात साधारण १५०० बाइट मावतात. ३ एमबीचा एक फोटो म्हणजे दोन हजारांहून जास्त पाकिटं, आणि प्रत्येक स्वतंत्रपणे वाट काढत जाणारं.

आता समजा, तुम्ही संगणक सुरू केला आणि ब्राउझरमध्ये एका संकेतस्थळाचं नाव टाकलं. पाकीट निघायच्या आधीच तीन गोष्टी ठरायला हव्यात: माझा पत्ता काय, समोरच्याचा पत्ता काय, आणि तो माझ्या शेजारी आहे की लांब.

माझा पत्ता, म्हणजे आयपी पत्ता, मिळतो डीएचसीपीकडून. संगणकाला सुरुवातीला काहीच माहीत नसतं, म्हणून तो सगळ्यांना उद्देशून हाक मारतो: ‘पत्ता देणारं कुणी आहे का?’ घरात बहुतेक वेळा राउटरच उत्तर देतो: ‘हा घे.’ संगणक म्हणतो, ‘बरं, हाच घेतो.’ राउटर म्हणतो, ‘ठरलं, अमुक तासांसाठी तुझा.’ चार निरोपांचा हा व्यवहार. पत्त्याबरोबर आणखी तीन गोष्टी हातात पडतात: सबनेट मास्क, गेटवेचा पत्ता आणि डीएनएस सर्व्हरचा पत्ता. या चार नोंदी बरोबर असतील तर घरगुती नेटवर्कमधली निम्मी दुखणी निकालात निघतात. आणि हाकेला कुणीच ओ दिली नाही, तर बरेचसे संगणक स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा एक पत्ता घेऊन बसतात. हे आकडे दिसले की समजायचं, डीएचसीपीपर्यंत हाक पोचलेलीच नाही. इंटरनेटचा तिथे काही संबंध नाही. केबल, वायफाय किंवा राउटर बघा.

समोरच्याचा पत्ता सांगतं डीएनएस. सुरुवातीच्या काळात सगळ्या संगणकांची नावं आणि आकडे एकाच फाइलमध्ये लिहिलेले असत आणि ती फाइल जो तो उतरवून घेई. संगणक वाढले तसं ते अशक्य झालं, आणि १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली. तिची खुबी अशी की सगळी माहिती कुणा एकाकडे नाही. मुळाशी असलेल्या सर्व्हरना फक्त ‘डॉट कॉम कुणाकडे विचारायचं’ एवढंच ठाऊक असतं, डॉट कॉमवाल्यांना ‘या नावाची माहिती कुणाकडे’ एवढंच, आणि खरा आकडा शेवटचा सर्व्हर सांगतो. ही विचारपूस तुमच्या वतीने तुमच्या सेवा पुरवणाऱ्याचा किंवा दुसरा एखादा सार्वजनिक डीएनएस सर्व्हर करतो आणि उत्तर काही वेळ आपल्याजवळ जपून ठेवतो. म्हणूनच एखाद्या संकेतस्थळाचा सर्व्हर बदलला की काही जणांना लगेच नवा दिसतो, काहींना तासन् तास जुनाच.

तिसऱ्या प्रश्नापाशी मात्र थांबूया, कारण शिकणाऱ्यांची गाडी इथेच अडते. सबनेट मास्क. हा विषय दोनच्या घातांचं गणित म्हणून शिकवतात आणि तो कशासाठी आहे तेच राहून जातं. मास्क एका प्रश्नासाठी आहे: समोरचा माझ्या गल्लीत राहतो का? राहत असेल तर पाकीट थेट त्याच्या हातात द्यायचं. नसेल तर गल्लीच्या तोंडाशी बसलेल्या गेटवेच्या हातात. तिसरा पर्याय नाही.

उदाहरण घ्या. तुमचा पत्ता १९२.१६८.१.२० आणि मास्क २५५.२५५.२५५.०. मास्कमध्ये जिथे २५५ आहे ते आकडे गल्लीचं नाव, जिथे ० आहे तो घराचा क्रमांक. १९२.१६८.१.७५ ला काही पाठवायचं झालं तर पहिले तीन आकडे जुळतात, म्हणजे शेजारी. आणि २०३.०.११३.१० ला पाठवायचं झालं तर जुळत नाहीत, म्हणजे गेटवेकडे. (२०३.०.११३ ने सुरू होणारे पत्ते असल्या उदाहरणांसाठीच राखून ठेवलेले आहेत. कुणाच्या सर्व्हरचा आकडा मी दिलेला नाही.)

आता पत्ते तेच ठेवून फक्त मास्क बदला: २५५.२५५.२५५.१९२. शेवटचा आकडा २५६ मधून वजा केला की ६४ उरतात, म्हणजे गल्ल्या ६४-६४ घरांच्या झाल्या: ० ते ६३, ६४ ते १२७, १२८ ते १९१, १९२ ते २५५. तुमचा २० पहिल्या गल्लीत, ७५ दुसऱ्या गल्लीत. दोन्ही संगणक एकाच टेबलावर, एकाच स्विचला (एका गल्लीतले संगणक जोडणारा डबा) जोडलेले असले तरी आता ते एकमेकांना परके. २० क्रमांकाचा संगणक शेजाऱ्याचं पाकीट गेटवेच्या हातात देईल, आणि गेटवेला दोन्ही गल्ल्या माहीत नसतील तर ते तिथेच संपेल. प्रत्येक गल्लीतला पहिला आकडा गल्लीच्या नावाला आणि शेवटचा सगळ्यांना हाक मारायला जातो, म्हणून ६४ पैकी ६२ पत्तेच वापरता येतात. हे गणित कागदावर दहा वेळा करून बघा, तेवढं बास. कॅल्क्युलेटर नंतर आयुष्यभर आहेच.

मास्क चुकला की बिघाड मोठा विचित्र दिसतो. एका ऑफिसमधून मला बोलावणं आलं: प्रिंटर अर्ध्या लोकांचं छापतो, अर्ध्यांचं नाही. ड्रायव्हर बदलून झाले होते, प्रिंटर बदलायचं घाटत होतं. प्रिंटरचा पत्ता होता १९२.१६८.१.२००, आणि कुणीतरी तो हाताने भरताना मास्कच्या शेवटी ० ऐवजी १२८ टाकले होते. गेटवेची जागा रिकामी. म्हणजे प्रिंटरच्या मते त्याची गल्ली १२८ ते २५५ एवढीच. ज्यांचे पत्ते १२८ च्या वरचे, त्यांच्याशी तो बोले. २०, ३५, ९० यांना उत्तर द्यायला त्याच्याकडे वाटच नव्हती. या लोकांच्या संगणकांच्या मते प्रिंटर शेजारीच होता, ते इमाने इतबारे पाकिटं पाठवत होते. एक गोष्ट तेव्हा माझ्या डोक्यात पक्की बसली: नेटवर्कमध्ये जाण्याची आणि येण्याची वाट वेगवेगळी तपासावी लागते. ‘माझ्याकडून तर जातंय’ हा अर्धाच पुरावा.

बरं, शेजारी आहे हे कळलं. हातात द्यायचं म्हणजे काय? इथे दुसरा पत्ता येतो, मॅक. ४८ बिटांचा, नेटवर्क कार्डात कारखान्यातून येणारा. (हल्लीचे फोन वायफायवर स्वतःचा मॅक बदलून वापरतात, माग काढता येऊ नये म्हणून. तेव्हा ‘मॅक कधीच बदलत नाही’ हे पुस्तकी वाक्य आता जपून वापरा.) दोन-दोन पत्ते कशाला, हा प्रश्न प्रत्येक चांगला विद्यार्थी विचारतो. उत्तर पाकिटात पाकीट हेच आहे. आतल्या पाकिटावर आयपी पत्ते: मूळ पाठवणारा आणि अखेरचा घेणारा. बाहेरच्या पाकिटावर मॅक पत्ते: आत्ताचा हात आणि पुढचा हात. प्रत्येक राउटर बाहेरचं पाकीट फाडतो, आतला पत्ता वाचतो, पुढचा हात ठरवतो आणि नवं बाहेरचं पाकीट चढवून पुढे देतो. वीस राउटर लागले तर बाहेरचं पाकीट वीस वेळा बदलतं; आतला घेणाऱ्याचा पत्ता तोच राहतो.

म्हणजे लांबच्या सर्व्हरला जाणारं पाकीट तुमच्या संगणकातून निघताना आत सर्व्हरचा आयपी असतो, पण बाहेर मॅक गेटवेचा असतो. हे एक वाक्य नीट समजलं तर तीन महिन्यांचे श्रम सार्थकी लागले म्हणा. मुलाखतीत मी हमखास हेच विचारतो, आणि सात थर घडाघडा म्हणणारे इथे अडखळतात.

गेटवेचा आयपी माहीत आहे, मॅक कसा कळणार? पुन्हा हाक: ‘१९२.१६८.१.१ कोण आहे? आपला मॅक सांगा.’ यालाच एआरपी म्हणतात, १९८२ पासून हे असंच चालू आहे. हाक सगळी गल्ली ऐकते, ज्याचा पत्ता तोच उत्तर देतो. उत्तर खरं की खोटं हे तपासायची सोय एआरपीत नाही, आणि स्थानिक नेटवर्कवरचे काही जुने हल्ले याच भाबडेपणावर उभे आहेत.

स्विच यात काय करतो? तो फक्त बाहेरचं पाकीट वाचतो. कुठला मॅक कुठल्या पोर्टवरून, म्हणजे केबल खोचायच्या कुठल्या भोकातून, बोलला हे ऐकून ऐकून लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी त्याच पोर्टवर पाकीट सोडतो. माहीत नसेल तर जिथून आलं ते सोडून सगळीकडे सोडतो. आयपीशी साध्या स्विचला देणंघेणं नाही. राउटर आतला पत्ता वाचतो. दोघांतला फरक मी एवढाच सांगतो. घरातल्या डब्याला आपण राउटर म्हणतो, पण त्यात राउटर, स्विच, वायफाय, डीएचसीपी आणि फायरवॉल (नको ती पाकिटं अडवणारा पहारेकरी) असे पाच कारभारी एका घरात नांदत असतात. नवशिक्यांचा बराच गोंधळ या एका डब्यामुळे होतो.

राउटरजवळ एक तक्ता असतो: अमुक पत्त्यांसाठी अमुक दिशा. सगळ्यात नेमकी जुळणारी ओळ तो निवडतो. काहीच जुळलं नाही तर ‘बाकी सगळं इकडे’ ही ओळ. पूर्ण मार्ग त्यालाही ठाऊक नसतो, पुढचा हात तेवढा ठाऊक असतो. मग दोन राउटर चुकून एकमेकांकडेच बोट दाखवू लागले तर पाकीट फिरतच राहणार की? म्हणून प्रत्येक आयपी पाकिटावर एक आकडा असतो, टीटीएल. प्रत्येक राउटर तो एकाने कमी करतो. शून्य झाला की पाकीट टाकून देतो आणि पाठवणाऱ्याला तसं कळवतो. ट्रेसरूट हे साधन याच कळवण्यावर जगतं: मुद्दाम १ आकड्याचं पाकीट पाठवायचं, पहिला राउटर ओरडतो, मग २ चं, दुसरा ओरडतो, अशी सगळ्यांची नावं कळतात. बिघाडासाठी ठेवलेल्या सोयीचा असा चोख वापर मला आजही आवडतो.

इथरनेटच्या बाहेरच्या पाकिटावर मात्र असा आकडा नाही. त्याचा अर्थ मला नोकरीच्या पहिल्याच वर्षी कळला. साफसफाई करताना जमिनीवर पडलेलं केबलचं मोकळं टोक कुणीतरी सद्हेतूने भिंतीतल्या सॉकेटमध्ये खोचलं. दुसरं टोक त्याच स्विचमध्ये होतं. एक हाक सुटली, ती दोन्ही बाजूंनी फिरून परत आली, पुन्हा सगळीकडे गेली, आणि काही सेकंदांत अख्खा मजला ठप्प. स्विचचे सगळे दिवे एका लयीत लखलखत होते. तो देखावा एकदा पाहिला की विसरत नाही. अशा चकरा आपोआप तोडण्याची पद्धत रॅडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये शोधली, तिला स्पॅनिंग ट्री म्हणतात. आमच्या त्या स्वस्तातल्या स्विचमध्ये ती नव्हती.

आता नॅट, म्हणजे वाटेत पत्ता बदलण्याची युक्ती. मघाशी म्हटलं की आतले पत्ते तसेच राहतात. याला एक मोठा अपवाद आहे. आयपीच्या चौथ्या आवृत्तीत पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते. ते पुरणार नाहीत हे १९९० च्या दशकातच दिसत होतं, आणि फेब्रुवारी २०११ मध्ये जागतिक साठ्यातले मोकळे गठ्ठे संपलेसुद्धा. तोडगा असा निघाला की १०, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते कुणीही आपल्या घरात वापरावेत, बाहेर ते चालणार नाहीत. म्हणून जगभर लाखो घरांत १९२.१६८.१.१ आहे आणि कुणाचं काही अडत नाही. घराबाहेर पडताना राउटर पाकिटावरचा पाठवणाऱ्याचा पत्ता खोडून आपला सार्वजनिक पत्ता घालतो आणि कोणाचं पाकीट कुठल्या पोर्टवरून गेलं याची वही ठेवतो. उत्तर आलं की वही बघून योग्य संगणकाकडे देतो. वहीत नोंद नसलेलं काही बाहेरून आलं तर ते कुणाला द्यायचं हे त्याला कळत नाही. घरातला कॅमेरा किंवा गेमचा सर्व्हर बाहेरून दिसत नाही, तो यामुळेच. आयपीच्या सहाव्या आवृत्तीत पत्ता १२८ बिटांचा आहे आणि या उचापतीची गरज नाही, पण चौथी अजून जागा सोडत नाही. तुम्ही आधी चौथीच पक्की करा.

वहीतला हा पोर्ट स्विचच्या भोकाचा नव्हे. इथे पोर्ट म्हणजे त्याच पत्त्यावरच्या खोल्यांचे क्रमांक, ० ते ६५५३५. सुरक्षित संकेतस्थळं ४४३ वर, डीएनएस ५३ वर, लांबच्या संगणकावर काम करायचं एसएसएच २२ वर. पाकिटं वाटेत हरवू शकतात, उलटसुलट क्रमाने येऊ शकतात. आयपी त्याची हमी घेत नाही. ती टीसीपी घेतो: तुकड्यांना क्रमांक देतो, पोच मागतो, न आलेला तुकडा पुन्हा पाठवतो. सुरुवातीला तीन निरोपांची ओळख होते: ‘बोलायचंय’, ‘ऐकतोय, मलाही बोलायचंय’, ‘ठीक’. यूडीपी यातलं काही करत नाही, आणि थेट बोलण्यासाठी तेच बरं. कॉलवर दोन सेकंदांपूर्वी हरवलेला शब्द आत्ता येऊन काय उपयोग?

टीसीपीचा एक बारकावा मात्र रोज कामाला येतो. जोडणी होत नाही तेव्हा दोन वेगळे संदेश दिसतात आणि लोक दोन्ही सारखेच वाचतात. ‘जोडणी नाकारली’ असं लगेच आलं तर ती बहुतेकदा चांगली बातमी आहे: पाकीट त्या यंत्रापर्यंत पोचलं, उत्तर परत आलं, फक्त त्या खोलीत कुणी बसलेलं नाही. सेवा बंद आहे किंवा पोर्ट चुकलाय. वाट ठीक आहे, केबलला हात लावू नका. पण बराच वेळ काहीच न होता ‘वेळ संपली’ आलं, तर पाकीट वाटेत नाहीसं होतंय किंवा फायरवॉल गुपचूप गिळतोय. या दोन संदेशांतला फरक न कळल्याने लोक दोन-दोन दिवस चुकीच्या ठिकाणी खोदत बसलेले मी पाहिलेत. सुरुवातीच्या दिवसांत मीही बसलोय.

तर मग ‘इंटरनेट चालत नाही’ म्हणणारा संगणक समोर आला की पाकिटाच्या वाटेनेच जायचं. आधी डोळ्यांनी बघा: केबलच्या टोकाचा दिवा लागलाय का, वायफाय दुसऱ्याच कुणाचं तर नाही ना. मग विंडोजवर आयपीकॉन्फिग चालवून त्या चार नोंदी वाचा. १६९.२५४ दिसलं तर तिथेच थांबा, पुढे जाण्यात अर्थ नाही. पत्ता ठीक असेल तर गेटवेला पिंग करा, म्हणजे ‘आहेस का?’ विचारणारं छोटं पाकीट पाठवा. उत्तर आलं नाही तर बिघाड घरातच असण्याची शक्यता जास्त. एआरपीच्या यादीत गेटवेचा मॅक दिसतो का पाहा. तो दिसत असेल तर गल्लीपुरतं बोलणं होतंय, फक्त पिंगला उत्तर मिळत नाहीये. गेटवे बोलला तर ८.८.८.८ सारख्या बाहेरच्या आकड्याला पिंग करा. आकडा बोलतो पण नाव टाकलं की काही उघडत नाही, तर दुखणं डीएनएसचं, आणि ही वेळ इतक्यांदा येते की माझे सहकारी कुठल्याही बिघाडावर आधी डीएनएसचंच नाव घेतात. एनएसलुकअपने नाव विचारून बघा. दुसऱ्या डीएनएस सर्व्हरला तोच प्रश्न विचारा. नावही सापडतंय आणि तरी संकेतस्थळ उघडत नाही, तर मग टीसीपीचा तो संदेश नीट वाचायची वेळ.

पिंगवर डोळे झाकून विश्वास मात्र ठेवू नका. विंडोजचा फायरवॉल बऱ्याचदा पिंगला उत्तरच देऊ देत नाही, कितीतरी सर्व्हर मुद्दाम देत नाहीत. उत्तर आलं तर यंत्र जिवंत आहे हे नक्की. नाही आलं तर काहीच नक्की नाही. ट्रेसरूटमध्ये मधल्याच एखाद्या ओळीत तारे दिसले आणि पुढच्या ओळी नीट आल्या, तर तो बिघाड नाही. त्या राउटरला आपलं नाव सांगायचं नाही, एवढंच.

वेगाबद्दलही विचारलंय तुम्ही, ‘१०० एमबीपीएस असून फाइल १२ च्याच वेगाने का उतरते’. कारण तो १०० चा आकडा बिटांचा, फाइलचा आकडा बाइटचा. आठने भागा, १२.५ येतात. तुम्हाला पूर्ण वेग मिळतोय. आणि ‘वेग’ या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात: एका सेकंदात किती मावतं, आणि एका पाकिटाला जाऊन यायला किती वेळ लागतो. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. १०,००० किलोमीटरवरच्या सर्व्हरला जाऊन यायला किमान १०० मिलिसेकंद लागणारच, तुम्ही कितीही महागडी जोडणी घ्या. कॉल अडखळत असेल तर मोठा प्लॅन बऱ्याचदा निरुपयोगी ठरतो. आधी वायफाय सोडून केबल लावून बघा. वायफायवर एका चॅनलवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं, शेजाऱ्यांची यंत्रंही त्याच रांगेत उभी असतात.

केबलचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट. आत तारांच्या चार जोड्या असतात, पीळ घातलेल्या, म्हणजे बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच पडतो आणि वजा करता येतो. १०० च्या वेगाला दोन जोड्या पुरतात, १००० ला चारही लागतात. म्हणून एखादी तार तुटली की बऱ्याचदा जोडणी बंद पडत नाही, गुपचूप १०० वर उतरते. ‘सगळं चालतंय पण मंद’ अशी तक्रार आली की मी आधी जोडणीचा वेग १००० दिसतोय का १०० ते बघतो. लांबी १०० मीटरच्या आत ठेवा.

सात थरांचं काय करायचं? ओएसआय मॉडेल १९८४ मध्ये प्रमाण म्हणून प्रसिद्ध झालं, पण इंटरनेट त्याच्या आधीपासून टीसीपी-आयपीवर चालत होतं. आर्पानेटने १ जानेवारी १९८३ पासूनच ते स्वीकारलं होतं. आजचं नेटवर्क त्या सात कप्प्यांत नीट बसत नाही, पाचवा आणि सहावा तर बहुधा रिकामेच भासतात. तरी सहकाऱ्याशी बोलताना ‘दुसऱ्या थराचा प्रॉब्लेम’, ‘तिसऱ्या थराचा स्विच’ असं सर्रास म्हणतात, म्हणून भाषा म्हणून शिका. परीक्षा द्यायची असेल तर पाठही करा.

पुढच्या दोन आठवड्यांत नवं काही वाचू नका. वायरशार्क नावाचं फुकट साधन उतरवून घ्या आणि आपल्याच संगणकाची पाकिटं बघा. दुसऱ्यांच्या नेटवर्कवर परवानगीशिवाय हे करायचं नाही. वायरशार्क सुरू ठेवून केबल काढा, परत लावा, आणि एक साधं संकेतस्थळ उघडा. पहिल्यांदा पडद्यावर शेकडो ओळी धावतील आणि भोवळ येईल. गाळणीत एकेकच शब्द टाका. आधी डीएचसीपी: ते चार निरोप सापडतात का बघा. सगळे चार दिसले नाहीत, दोनच दिसले, तर गोंधळू नका. संगणकाला मागचा पत्ता आठवत होता आणि त्याने थेट तोच मागितला. मग एआरपी: गेटवेला मारलेली हाक शोधा. मग डीएनएस, मग ४४३ पोर्टवरची तीन निरोपांची ओळख. शेवटी त्यातलं एक पाकीट उघडून बाहेरचा मॅक आणि आतला आयपी शेजारी शेजारी कागदावर लिहा, आणि तो मॅक कोणाचा आहे ते एआरपीच्या यादीत शोधून काढा.

बाहेरचा मॅक गेटवेचा निघाला की मला कळवा, मग सबनेटिंगची पुढची उदाहरणं आणि व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगवेगळ्या गल्ल्या) घेऊ.